निरोप पोहोचले, गोळ्या डब्यातच: सोलापूरच्या एका विडी कामगार गरोदर स्त्रीचे ऑनलाइन आरोग्यशिक्षण

सोलापूरच्या पूर्व भागात घराघरांत तेलुगू बोलली जाते आणि दुपारच्या वेळी उंबऱ्यापाशी मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बायका गल्लोगल्ली दिसतात. तिथल्या एका नागरी आरोग्य केंद्राच्या हद्दीत घडणारे हे प्रकरण आहे. मांडणी एका घराची असली तरी ती कोणा एका कुटुंबाची हकिगत नाही. अशा घरांत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी प्रशिक्षणाच्या सोयीसाठी एका घरात आणून ठेवल्या आहेत, त्यामुळे नावे दिलेली नाहीत. गरोदरपणात चांगल्या सवयी लागाव्यात म्हणून मोबाईलवरून पाठवले जाणारे शिक्षण कुठे अडते आणि काय बदलल्यावर पुढे सरकते, एवढाच प्रश्न येथे तपासला आहे.

घर, काम आणि फोन

गरोदर स्त्रीचे वय २३ वर्षे. पहिली मुलगी तीन वर्षांची. जन्मावेळी तिचे वजन २.३ किलो होते, म्हणजे २.५ किलोच्या मान्य मापाहून कमी. शिक्षण मराठी शाळेत आठवीपर्यंत झालेले; मराठी वाचता येते, पण घरातली, शेजारातली आणि रागालोभाची भाषा तेलुगू. नवरा टॉवेलच्या यंत्रमाग कारखान्यात रात्रपाळीला. सासू पन्नाशीची, परकर-पोलक्यातल्या वयापासून विड्या वळत आलेली. दोन खोल्यांचे पत्र्याचे घर. पुढच्या खोलीत दिवसभर विड्यांचे काम चाले आणि रात्री तिथेच अंथरुणे पडत.

नोंदणी डिसेंबरच्या मध्यात, चौदाव्या आठवड्यात झाली. ती बाराव्या आठवड्याच्या आत व्हायला हवी होती, परंतु केंद्रात जाणे म्हणजे अर्ध्या दिवसाचे काम बुडणे, आणि विडीची मजुरी हजारी, म्हणजे दर हजार विड्यांमागे, मोजली जात असल्याने बुडालेला अर्धा दिवस सरळ पैशात दिसतो. नोंदणीच्या वेळी माता-बाल कार्डावर नवऱ्याचा मोबाईल क्रमांक लिहिला गेला, कारण घरात स्मार्टफोन तेवढा एकच होता. सासूजवळ बटणांचा जुना फोन होता, तो आल्या-गेल्या कॉलपुरता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, देशातील ५४ टक्के स्त्रियांनी स्वतः वापरता येईल असा मोबाईल आपल्याजवळ असल्याचे सांगितले होते. इंटरनेट कधी तरी वापरलेल्या स्त्रियांचे प्रमाण ३३ टक्क्यांच्या आसपास होते. हे घर उरलेल्यांपैकी होते, आणि तरीही केंद्राच्या नोंदवहीत ‘मोबाईल: आहे’ असेच लिहिलेले होते.

त्याच क्रमांकावर तिला केंद्राच्या व्हॉट्सॲप गटात घेण्यात आले. गटात हद्दीतील सर्व गरोदर स्त्रिया, दोन आशाताई आणि एएनएम सिस्टर, म्हणजे केंद्राच्या परिचारिका. रोज सकाळी अकराच्या सुमारास एक चित्रफलक किंवा व्हिडिओ येई. त्यात पालक, बीट, सफरचंद, सुका मेवा यांची चित्रे असत आणि खाली ‘लोहयुक्त व जीवनसत्त्वयुक्त संतुलित आहाराचे सेवन करावे’ अशा धाटणीची वाक्ये. आठवड्यातून एकदा सहा-सात मिनिटांचा व्हिडिओ. माहितीत चूक नव्हती. गटात प्रश्न मात्र कोणी विचारत नसे. उत्तरादाखल येत ते जोडलेले हात आणि अंगठे.

जानेवारी आणि फेब्रुवारीच्या तपासण्या

प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानानुसार २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर स्त्रियांची तपासणी होते. ९ जानेवारीला, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या पाळण्यांची उभारणी शहरात सुरू असताना, तिचे हिमोग्लोबिन ८.६ निघाले. गरोदरपणात ते दर डेसिलिटर रक्तामागे ११ ग्रॅमच्या खाली असले की रक्तक्षय धरतात आणि ७ ते ९.९ ही मध्यम रक्तक्षयाची पातळी मानली जाते. वर उल्लेखलेल्या सर्वेक्षणात देशातील निम्म्याहून अधिक, ५२.२ टक्के गरोदर स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या होत्या, त्यामुळे केंद्रात या आकड्याचे कोणाला नवल वाटले नाही. नवल न वाटणे हाही या प्रकरणातला एक भाग आहे.

तिला लोहाच्या लाल गोळ्या रोज दोन घ्यायला सांगितल्या. प्रत्येक गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते; रक्तक्षय नसेल तर दुसऱ्या तिमाहीपासून रोज एक गोळी १८० दिवस आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस घ्यायची असते, रक्तक्षय असेल तर दोन. कॅल्शियमच्या गोळ्या वेगळ्या, दिवसातून दोनदा, आणि लोहाच्या गोळीबरोबर नाहीत. जंताची गोळीही केंद्रातच देण्यात आली. पुढच्या महिनाभर गटात लोहाविषयी चार संदेश गेले आणि चारही संदेशांवर त्या क्रमांकाची निळी खूण उमटली.

९ फेब्रुवारीला हिमोग्लोबिन ८.५ आले. महिनाभराच्या गोळ्यांनी साधारण एक ग्रॅमने वाढ अपेक्षित असते. ती न झाल्यास कारण शोधावे किंवा स्त्रीला पुढच्या रुग्णालयात पाठवावे, असा दंडक आहे. शिरेतून लोह देण्याचा विचार वैद्यकीय अधिकाऱ्यांनी बोलून दाखवला. गोळ्या घेतेस का, या प्रश्नाला ‘खाऊलाले की, ताई’ हे उत्तर लगेच आले, आणि सासू शेजारीच उभी होती.

घरभेट

दोन दिवसांनी आशाताई दुपारी घरी गेल्या. त्यांनी गोळ्यांची चौकशी न करता पाणी मागितले आणि बसल्या. काही वेळाने तिने स्वतःच फडताळातून पावडरीचा रिकामा डबा काढून पुढे ठेवला. महिन्याच्या ६० गोळ्यांपैकी ४३ त्यात शिल्लक होत्या. सुरुवातीचे काही दिवस तिने त्या सकाळी चहाबरोबर घेतल्या होत्या. पोटात ढवळे, एकदा उलटी झाली, शौचाला काळे होऊ लागले म्हणून ती घाबरली. सासूने सांगितले की गोळ्यांनी मूल मोठे होते आणि मग सिझर करावे लागते. गटात याविषयी काही आले होते का, असे विचारल्यावर ती हसली. फोन तिच्या हातात येतच नव्हता.

या ठिकाणी घराचे वेळापत्रक पाहणे भाग आहे, कारण सगळे कोडे त्यात आहे. नवरा रात्री आठला कामावर जाई आणि सकाळी आठनंतर परते. चहा पिऊन झोपे तो दुपारी तीन-चारपर्यंत, फोन उशाशी चार्जिंगला लावलेला. अकराचा संदेश आला की तो झोपेतच फोन खाली उलटा ठेवत असे. संध्याकाळी उठल्यावर साचलेले संदेश तो एका दमात उघडी. निळ्या खुणा त्याच्या होत्या. व्हिडिओ उतरवले जात, पाहिले जात नसत. बायकोला दाखवण्यासारखे त्यात काही आहे असे त्याला वाटले नाही, कारण एक तर ती सगळी बायकांची गोष्ट आणि दुसरे म्हणजे त्या वेळी ती वळलेल्या विड्या बांधण्याच्या गडबडीत असे. केंद्र सरकारच्या ‘किलकारी’ सेवेचेही असेच झाले. २०१६ मध्ये काही राज्यांत सुरू झालेली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रात आलेली ही सेवा चौथ्या महिन्यापासून मूल एक वर्षाचे होईपर्यंत आठवड्याला एक, असे ७२ ध्वनिसंदेश नोंदवलेल्या क्रमांकावर फोन करून ऐकवते. वाचता न येणाऱ्या स्त्रियांसाठी ती फार चांगली सोय आहे. या घरात मात्र तो फोन एकदा झोपेत कापला गेला आणि एकदा यंत्रमागाच्या खडखडाटात घेतला गेला. जाहिरात समजून नवऱ्याने तो क्रमांक अडवून टाकला होता.

त्याच भेटीत दुसरी गोष्ट कळली. बोलता बोलता तिने कोनाड्यातल्या डबीतून चिमूटभर काळी मिसरी तर्जनीवर घेतली आणि हिरड्यांवरून फिरवू लागली. मिसरी म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेला आणि कुटलेला तंबाखू. सकाळी उठल्यावर, दुपारच्या जेवणानंतर आणि रात्री निजताना, असे तीनदा ती लावत असे, आणि एकदा लावली की पंधरा-वीस मिनिटे तोंडात राही. मिसरीने मळमळ बसते, पोट साफ होते आणि हातातले काम संपेपर्यंत भूक लागत नाही, असे तिचे सांगणे. नोंदणीच्या अर्जात व्यसनाच्या रकान्यात ‘नाही’ लिहिलेले होते आणि ते खोटे बोलणे नव्हते. दात घासण्याला कोणी व्यसन म्हणत नाही. ‘दात कशाने घासता आणि दिवसातून किती वेळा?’ असा प्रश्न विचारला असता, तर डिसेंबरमध्येच खरे उत्तर मिळाले असते. हा प्रश्न आता त्या केंद्राच्या नोंदणीत विचारला जातो, आणि माझ्या मते या साऱ्या प्रकरणातली सर्वांत स्वस्त सुधारणा तीच आहे.

मिसरीचा गर्भाशी संबंध तर्काचा नाही. २००४ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या, मुंबईतील १,२१७ स्त्रियांच्या अभ्यासात, न ओढता वापरायचा तंबाखू घेणाऱ्या मातांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले आणि गर्भावस्थाही सरासरी सहा दिवसांनी आखूड राहिली. पहिल्या मुलीचे २.३ किलो वजन मिसरीमुळेच होते असे कोणी म्हणू शकणार नाही, कारण रक्तक्षय, कमी खाणे आणि दिवसभर वाकून बसणे हेही त्या वेळी होतेच. तरीही गटात दोन महिने गेलेल्या सगळ्या संदेशांत मिसरीचा उल्लेख एकदाही नव्हता. धूम्रपान आणि मद्यपान टाळावे असा एक चित्रफलक होता. त्यावर सिगारेट आणि बाटली यांवर लाल फुली मारलेली होती, आणि या गल्लीतील बायका दोहोंपैकी काहीच घेत नाहीत.

एरंडेलाचा निरोप

फेब्रुवारीच्या अखेरीस गटात कोणीतरी पुढे ढकललेला एक आवाजी निरोप आला. चाळीस सेकंदांचा, तेलुगूत, एखाद्या घरच्या म्हातारीच्या आवाजात: नववा लागला की रोज चमचाभर एरंडेल घ्या, बाळंतपण सुटसुटीत होते. तो निरोप एका संध्याकाळीत हद्दीतल्या बहुतेक घरांत पोहोचला. ज्या सासूने गटाकडे कधी ढुंकून पाहिले नव्हते, तिला तो पाठ झाला होता. एरंडेलाने जुलाब होतात, शरीरातले पाणी कमी होते आणि वेळेआधी कळा सुरू होण्याचा धोका असतो. डॉक्टरांना न विचारता ते घेणे गैरच. सिस्टरांनी खुलासा टाकला तो मराठीत, दहा ओळींचा, दुसऱ्या दिवशी अकरा वाजता. तो कोणाला आठवत नव्हता.

केंद्रातली पहिली प्रतिक्रिया होती ती गट कुलूपबंद करण्याची, म्हणजे फक्त चालकांनाच संदेश टाकता येतील अशी व्यवस्था करण्याची. त्याने अफवा थांबली असती, पण कधी काळी येऊ शकणारे प्रश्नही थांबले असते. अखेर गट तसाच ठेवून मुख्य काम दुसरीकडे वळवायचे ठरले, आणि ते कसे वळवायचे याचा वस्तुपाठ त्या एरंडेलाच्या निरोपानेच दिला होता: घरची भाषा, ओळखीचा आवाज, एकच गोष्ट, आणि घर जागे असतानाची वेळ.

गटाची आणखी एक अडचण याच सुमारास पुढे आली, ती आधीच लक्षात यायला हवी होती. पुष्कळ घरांत तिसरा महिना संपेपर्यंत दिवस गेल्याचे बाहेर सांगत नाहीत. गटात नाव घातले की गल्लीतल्या साऱ्यांना, आणि त्यांच्या नवऱ्यांनाही, ते कळते आणि मोबाईल क्रमांकही जातो. उशिरा होणाऱ्या नोंदणीमागे मजुरीइतकेच हेही एक कारण होते. म्हणून मुख्य निरोपांसाठी गटाऐवजी ब्रॉडकास्ट लिस्ट करण्यात आली. तीत संदेश प्रत्येकाला एकेकट्याला मिळतो आणि कोणाला कोणाचा क्रमांक दिसत नाही. मात्र पाठवणाऱ्याचा क्रमांक ज्याच्या फोनमध्ये जतन केलेला असेल त्यालाच तो संदेश पोहोचतो. आशाताईंना त्यासाठी प्रत्येक घरी जाऊन, फोन हातात घेऊन, स्वतःचे नाव त्यात घालून यावे लागले. ऑनलाइन कामाचा पाया असा पायी फिरून घातला गेला, आणि त्या फेरीत घराघरांचे वेळापत्रकही कळले.

नवा क्रम

आता संदेश संध्याकाळी साडेपाचला जाऊ लागला, नवरा उठल्यानंतर आणि कामावर निघण्याआधी. आशाताई स्वतः तेलुगूत बोलत. तोच मजकूर कन्नड आणि दखनी बोलणाऱ्या घरांसाठी दुसऱ्या आशाताई त्या त्या भाषेत सांगत. एक मिनिटाच्या आत एकच गोष्ट. पहिल्या आठवड्यात सांगितले ते इतकेच, की लाल गोळी चहाबरोबर नको, रात्री जेवणानंतर घ्या, जेवताना लिंबू पिळा. चहातले टॅनिन लोह शोषू देत नाही आणि लिंबातले क जीवनसत्त्व शोषायला मदत करते, हे कारण एका वाक्यात. दुसऱ्या आठवड्यात: शौचाला काळे होणे म्हणजे गोळी पोटात गेल्याची खूण आहे, घाबरू नका. मूल मोठे होण्याच्या भीतीवर स्वतंत्र निरोप होता, तोही सासवांना उद्देशून. सिझर ज्या कारणांनी करावे लागते त्यांत लोहाच्या गोळ्या बसत नाहीत. उलट रक्त कमी असलेल्या बाईला बाळंतपणातला रक्तस्राव झेपत नाही, हे त्यात सांगितले होते.

आहाराच्या चित्रफलकांची जागा गल्लीतल्याच एका चुलीपाशी घेतलेल्या छोट्या चित्रफितींनी घेतली. अंबाडीची भाजी, जिला या घरांत पुंटीकूर म्हणतात, ज्वारीची भाकरी, शेंगा चटणी, मोड आलेली मटकी, वरण आणि आठवड्यातून जमतील तेवढी अंडी. सफरचंद कुठेच नव्हते. त्यात आशाताईंचे एक वाक्य होते की दोघांसाठी दुप्पट खायचे नसते, पण मिसरी लावून दुपारची भाकरी चुकवायचीही नसते. मळमळीसाठी एकदम पोटभर न खाता थोडे थोडे खावे, हेही.

प्रकरणातल्या घरापुरते आणखी दोन बदल झाले. गोळ्यांचा डबा सासूच्या ताब्यात देण्यात आला. आशाताई तिला म्हणाल्या, ‘अम्मा, गोळी तुमच्या हातूनच गेली पाहिजे, ती विसरते.’ विरोध करणाऱ्या व्यक्तीला राखणदार करण्याचा हा डाव जुना आहे आणि प्रत्येक घरात तो चालेलच असे नाही. सासू-सुनेत तेढ असती तर मी तो सुचवला नसता. इथे सासूने रोज रात्री गोळी हातावर ठेवली आणि रिकामी पाकिटे आशाताईंना दाखवायला जपून ठेवली. दुसरा बदल नवऱ्यासंबंधी. त्याला वेगळा, मराठीत, दोन ओळींचा संदेश जाई: आजचा निरोप बायकोला ऐकवला का? ऐकवला असेल तर ‘हो’ लिहा. हे ‘हो’ निळ्या खुणेपेक्षा बरे, इतकेच म्हणता येईल. त्यानेही खोटे ‘हो’ लिहिले असेल. पण मार्चमध्ये त्याच क्रमांकावरून एके दिवशी बाईच्या आवाजात तेलुगूत प्रश्न आला की पाय सुजले आहेत, हे चालते का. दुसऱ्याच दिवशी तिचा रक्तदाब तपासला गेला. तो ठीक होता, लघवीतही प्रथिने नव्हती. त्याच वेळी तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, अंगावरून रक्त जाणे किंवा पाणी जाणे आणि बाळाची हालचाल कमी होणे यांपैकी काहीही झाले तर निरोपाची वाट न पाहता रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन करायचा, हे तिला आणि सासूला तोंडी सांगून पाठ करून घेतले.

९ मार्चला हिमोग्लोबिन ९.६ झाले, ९ एप्रिलला १०.४. शिरेतून लोह देण्याची गरज उरली नाही.

मिसरी आणि विडी

मिसरीचे काम गोळीइतके सरळ नव्हते. गोळीच्या बाबतीत एक सवय लावायची होती. इथे दिवसाचे तीन ठराविक क्षण रिकामे करायचे होते. आशाताईंनी एकदम सोडायचा आग्रह न धरता आधी रात्रीची मिसरी थांबवायला सांगितले, कारण त्या वेळी आता गोळी आली होती. मग दुपारची; तिच्या जागी जेवणानंतर बडीशेप. सकाळची सर्वांत चिवट निघाली. सोडल्यावर पहिले काही दिवस डोके दुखते, चिडचिड होते, पोट साफ होत नाही, हे आधीच सांगणारा निरोप नेमका त्या दिवसांसाठी ठेवला होता. तो तिने पुन्हा पुन्हा ऐकला, असे तिच्या नवऱ्याने सांगितले. निकोटीनच्या गोळ्या किंवा च्युइंगम गरोदरपणात स्वतःच्या मनाने घेऊ नये, हेही त्यात होते. तंबाखू सोडण्यासाठीचा राष्ट्रीय मोफत क्रमांक, १८००-११-२३५६, दिला गेला होता; तिने तो लावला नाही, परक्या माणसाशी फोनवर बोलणे तिला जमणारे नव्हते. एप्रिलमध्ये नात्यातल्या एका लग्नात बायकांच्या घोळक्यात डबी फिरली आणि आठवडाभर दिवसातून दोनदा मिसरी सुरू झाली. एप्रिलअखेर ती पुन्हा सकाळच्या एका वेळेवर आली आणि मेमध्ये थांबली.

एक गोष्ट शिक्षणाने सुटली नाही, आणि सुटेल अशी अपेक्षा धरणे योग्यही नाही. विडीसाठीचा तंबाखू सुपात तिच्या पोटापासून वीतभर अंतरावर दिवसभर असे. त्याची धूळ श्वासातून आत जाते, ओल्या बोटांच्या कातडीतूनही निकोटीन शिरते. पाने भिजवणे, साच्यावर कात्रीने कापणे, चिमूट भरणे, वळणे, दोरा गुंडाळणे, असे तासन्‌तास एकाच बैठकीत चाले. काम सोड, हा सल्ला कागदावर बरोबर होता आणि घरात निरर्थक. जे शक्य होते तेवढे केले गेले: काम दारापाशी, वाऱ्याच्या तोंडाशी हलवणे, तोंडाला ओढणी बांधणे, जेवणाआधी आणि मुलीला घेण्याआधी साबणाने हात धुणे, तंबाखूचे सूप झोपायच्या खोलीत न ठेवणे, तासाभराने उठून चार पावले टाकणे. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली पारा चाळिशीपार असताना पाणी आणि ताक जास्त घ्या, दुपारी काम थांबवा, या निरोपातले पहिले वाक्य पाळले गेले, दुसरे नाही. मजुरी हजारी असेपर्यंत दुसरे पाळले जाणारही नाही. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी बसून वळणाऱ्या स्त्रियांनाही प्रसूती लाभाच्या कक्षेत आणले होते. पण त्यासाठी कारखान्याच्या पुस्तकात स्वतःच्या नावाची नोंद लागते, आणि या घरात पुस्तक सासूच्या नावावर होते, सून तिच्या नावावर वळत होती. आरोग्यशिक्षण करणाऱ्यांनी ही गोष्ट आपल्या कामाबाहेरची मानू नये असे मला वाटते. सून स्वतःच्या नावाने नोंदली जाणे हे कोणत्याही चित्रफितीपेक्षा पुढच्या गरोदरपणाला अधिक उपयोगी पडेल.

पैशाविषयीचा एक निरोप मात्र सर्वाधिक ऐकला गेला. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये पहिल्या बाळंतपणासाठी आहेत. दुसऱ्या वेळी मुलगी झाली तरच ६,००० मिळतात. जुन्या गटात फक्त ‘गरोदर मातांना ५,००० रुपये’ असे गेल्यामुळे दुसऱ्या खेपेच्या गरोदर बायका केंद्रात येऊन वाद घालत होत्या. खुलासा तेलुगूत गेल्यावर वाद थांबला आणि, गंमत अशी, की त्या संदेशानंतर आशाताईंचा क्रमांक जतन करणाऱ्यांची संख्या एकदम वाढली.

प्रसूती आणि त्यानंतर

९ मेच्या तपासणीत हिमोग्लोबिन १०.८ होते, म्हणजे अजूनही ११ च्या किंचित खाली. जूनच्या पहिल्या आठवड्यात, ३८ आठवडे पूर्ण झाल्यावर, सरकारी रुग्णालयात नैसर्गिक प्रसूती झाली. मुलगी, वजन २.७ किलो. पहिल्या मुलीपेक्षा हे ४०० ग्रॅम अधिक. त्याचे श्रेय संदेशांना देण्याचा मोह होतो, पण दुसरे मूल बहुधा पहिल्यापेक्षा वजनाने अधिक भरते, आणि गोळ्या, मिसरी, खाणे यांपैकी कशाचा किती वाटा होता हे एका प्रकरणावरून वेगळे काढता येत नाही. खात्रीने सांगता येते ते एवढेच की फेब्रुवारीपर्यंत गोळ्या डब्यात राहत होत्या आणि फेब्रुवारीनंतर त्या घेतल्या गेल्या.

यानंतर जे झाले ते कार्यक्रमाच्या आखणीतली मोठी फट दाखवते. यादी गरोदर स्त्रियांची होती. प्रसूतीची नोंद होताच तिचा क्रमांक नियमाप्रमाणे यादीतून निघाला आणि संध्याकाळचा निरोप बंद झाला. लोहाच्या गोळ्या तर आणखी १८० दिवस घ्यायच्या होत्या. नवजात बाळासाठी आशाताईंच्या घरभेटी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी होतात. त्यांत बाळाचे वजन, नाळ, स्तनपान यांकडे लक्ष होते आणि आईच्या गोळीची विचारपूस ओझरती होत राहिली. बेचाळिसाव्या दिवशी आशाताईंनी डबा मागितला, तेव्हा तीन आठवड्यांपासून तो उघडलेला नव्हता. बाळंतिणीला उष्ण पडते म्हणून सासूनेच त्या थांबवल्या होत्या, आणि सकाळची मिसरीही परत आली होती, कारण रात्रभर जागरणानंतर तिला तीच आठवे.

केंद्राने त्यानंतर यादीची मुदत प्रसूतीनंतर सहा महिन्यांपर्यंत वाढवली. पहिले तीन निरोप बाळंतिणींसाठी नव्याने नोंदवले गेले: गोळी अंगावरच्या दुधाला बाधत नाही, मिसरीतले निकोटीन दुधात उतरते, आणि बाळाला घेण्याआधी विडीचे हात साबणाने धुवा. तिसरा निरोप प्रकरणातल्या सासूच्या आवाजात आहे. दोनदा नकार देऊन तिने तो तिसऱ्या वेळी बोलून दिला, फक्त स्वतःच्या मिसरीविषयी आपण काही बोलणार नाही, या अटीवर.